पायथनच्या >>> समोर पहिल्यांदा बसताय? कोड बरोबर असूनही एरर का येतो ते आधी बघा

टर्मिनल किंवा कमांड प्रॉम्प्ट उघडून पायथन असं टाइप करून एंटर मारलं (लिनक्स आणि मॅकवर पायथन३) की व्हर्जनची माहिती देणाऱ्या ओळी येतात आणि खाली >>> दिसतं. इथे टाइप केलेलं लगेच चालतं, फाईल बनवा, सेव्ह करा, रन करा असलं काही नाही, आणि म्हणूनच पायथन शिकायला सुरुवात इथूनच करावी असं माझं ठाम मत आहे. पण नवीन लोक अडकतात तेही इथेच. व्हिडिओत बघून जसाच्या तसा कोड टाकला तरी सिंटॅक्स एरर (लिहिण्याच्या नियमात चूक आहे अशी तक्रार), आणि तोच कोड फाईलमध्ये टाकला तर एकदम सुरळीत चालतो, मग आपल्याला हे जमणारच नाही असं वाटून माणूस सोडून देतो. याचं फार वाईट वाटतं, कारण बऱ्याचदा कोडमध्ये काहीच चूक नसते.

झालेलं असतं असं की फाईल असेल तर पायथन ती आख्खी वाचतो आणि मग चालवायला घेतो, पण >>> वर तो एका वेळी एकच स्टेटमेंट (म्हणजे एक पूर्ण आज्ञा) घेतो, आणि तुमचं सांगून झालं की अजून काही बाकी आहे हे त्याला तुमच्या एंटरवरूनच ठरवावं लागतं. पायथनच्या ग्रामरमध्येच या दोन्हीसाठी वेगवेगळे नियम आहेत, फाईलसाठी एक आणि इंटरॅक्टिव्हसाठी, म्हणजे इथल्यासारखं लगेच चालणाऱ्यासाठी, दुसरा. एवढं डोक्यात ठेवलंत तर खालचं बरंच काही आपोआप कळेल.

वाचायच्या आधी एक सूचना. फॉर, इन, इफ, एल्स, डेफ, रिटर्न, प्रिंट, इंट, लेन हे पायथनचे स्वतःचे शब्द आहेत, मी इथे मराठीत लिहिलेत पण टाइप करताना इंग्रजी स्मॉल अक्षरांत करायचे, आकडेही इंग्रजी. भाज्या, दर, पगार ही नावं आपण दिलेली, ती मराठीत टाइप केली तरी पायथन ३ ला चालतात, खरंच चालतात, करून बघा.

सगळ्यात आधी व्हर्जन बघा

सुरुवातीच्या ओळींत ३.१० किंवा ३.१२ असा आकडा असतो तो बघून ठेवा. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या ३.१३ मध्ये हा >>> वाला भाग नव्याने लिहिलाय, त्यात अनेक ओळींचा ब्लॉक (एकत्र चालणाऱ्या ओळींचा गट) वर जाऊन दुरुस्त करता येतो, इंडेंट (ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा) आपोआप येतं, रंग दिसतात. पण उबंटू २२.०४ वर ३.१० मिळतं आणि २४.०४ वर ३.१२, कॉलेजच्या लॅबमध्ये त्याहून जुनंही असू शकतं, त्यामुळे जुनी वागणूक माहीत असायलाच हवी. यूट्यूबवरच्या माणसाकडे चालतंय आणि तुमच्याकडे नाही, यामागे बऱ्याचदा फक्त व्हर्जनचा फरक असतो.

मग प्रॉम्प्ट वाचायची सवय लावा

प्रॉम्प्ट म्हणजे तुम्ही टाइप करावं म्हणून पायथन दाखवतो ती खूण, ती दोन प्रकारची. >>> म्हणजे पायथन मोकळा आहे, नवीन काहीतरी द्या. ... म्हणजे तुमचं आधीचं बोलणं अर्धवट आहे, पुढचं द्या. काहीतरी अडलं की एरर वाचायच्या आधी हे बघा की तुम्ही दोन्हीपैकी कुठे आहात.

>>> प्रिंट("नमस्कार"
...

इथे कंस बंद केला नाही. पायथन एरर देत नाही, तो वाट बघतो. कितीही एंटर मारा, ... च येत राहणार, आणि मध्येच तुम्ही दुसरं काही टाइप केलंत तर तेही त्याच कंसाच्या आतलं समजून मग सिंटॅक्स एरर देणार, जो त्या दुसऱ्या ओळीबद्दल वाटतो पण मूळ भानगड वरच्या ओळीत असते. उपाय सोपा, कंस बंद करा, किंवा कंट्रोल+सी दाबा. कंट्रोल+सी दाबल्यावर कीबोर्ड इंटरप्ट असं दिसतं, त्याला घाबरू नका, तो फक्त सांगतोय की अर्धवट होतं ते टाकून दिलं, आणि परत >>> येतं. आधीचे व्हेरिएबल (नाव देऊन साठवलेल्या गोष्टी) सगळे शाबूत असतात.

अवतरण चिन्हाचं वेगळं आहे. एकेरी किंवा दुहेरी चिन्ह उघडं राहिलं तर पायथन थांबत नाही, त्याच ओळीवर स्ट्रिंग (अवतरण चिन्हांतला मजकूर) बंद झाली नाही असा एरर लगेच देतो. पण तीन-तीन चिन्हांची """ स्ट्रिंग उघडी राहिली तर मात्र कंसासारखाच ... वर बसून राहतो.

ब्लॉक संपवायला रिकामी ओळ

नवीन माणूस सगळ्यात जास्त इथे अडकतो, म्हणून जरा सावकाश बघू.

>>> भाज्या = ["भेंडी", "गवार", "वांगी"]
>>> फॉर भाजी इन भाज्या:
...     प्रिंट(भाजी)
...
भेंडी
गवार
वांगी

कोलन दिल्यावर एंटर मारलं की ... येतो. जुन्या व्हर्जनमध्ये तिथे चार स्पेस स्वतः द्याव्या लागतात, ... हेच इंडेंट आहे असं समजून पुष्कळ जण स्पेस न देता प्रिंट लिहितात आणि मग इंडेंटेशन एरर. ते तीन ठिपके पायथनने छापलेत, तुमच्या कोडचा भाग नाहीत.

दुसरं म्हणजे प्रिंटची ओळ झाल्यावर एंटर मारलं तरी लूप (फॉरने सुरू झालेला, पुन्हा पुन्हा चालणारा भाग) चालत नाही, परत ... येतो, कारण त्या लूपमध्ये तुम्हाला अजून ओळी द्यायच्या असतील तर पायथनला कसं कळणार. काहीच न लिहिता आणखी एकदा एंटर मारलं की तो समजतो ब्लॉक संपला आणि मग चालवतो.

आता फाईलमध्ये लूपच्या लगेच खाली, इंडेंट न देता, पुढची ओळ लिहिलेली चालते. जुन्या >>> वर नाही चालत:

>>> फॉर भाजी इन भाज्या:
...     प्रिंट(भाजी)
... प्रिंट("संपलं")

३.१२ आणि त्याआधीच्या व्हर्जनमध्ये इथे इनव्हॅलिड सिंटॅक्स येतो, आणि बोट दाखवतो शेवटच्या प्रिंटकडे, ज्यात शोधूनही चूक सापडत नाही. एका वेळी एकच स्टेटमेंट हा नियम आठवा, लूप हे एक आणि प्रिंट हे दुसरं, मध्ये रिकामी ओळ हवी. ३.१३ पासून हे सैल झालंय.

इफ-एल्सला नेमकं उलटं. इफचा भाग लिहून झाला, सवयीने रिकामी ओळ दिली, इफ चालून गेला, आणि मग >>> वर एल्स लिहिलं तर परत इनव्हॅलिड सिंटॅक्स, कारण त्या एल्सला आता इफच उरला नाही. एल्स त्याच ब्लॉकमध्ये, ... वर, इंडेंट न देता लिहायचं आणि रिकामी ओळ सगळ्यात शेवटी. ३.१३ मध्ये इंडेंट आपोआप आलेलं असतं, त्यामुळे एल्सच्या आधी बॅकस्पेस दाबून मागे यायला विसरू नका.

आणि >>> च्या पुढे चुकून एक स्पेस जास्त पडली तरी अनएक्स्पेक्टेड इंडेंट येतो. कॉपी-पेस्टमध्ये हे हमखास होतं. इंडेंटसाठी चार स्पेस ठेवा आणि टॅब आणि स्पेस एकाच ब्लॉकमध्ये मिसळू नका, नाहीतर टॅब एरर मिळेल आणि स्क्रीनवर दोन्ही सारखंच दिसत असल्याने शोधताना जीव जातो.

पेस्ट करताना

समजा हे फंक्शन (नाव दिलेला, हवा तेव्हा चालवता येणारा कोड) कुठून तरी उचललं:

डेफ हिशोब(दर, किलो):
    रक्कम = दर * किलो

    रिटर्न रक्कम

मध्ये एक रिकामी ओळ आहे, वाचायला बरं दिसावं म्हणून दिलेली, फाईलमध्ये तिने काही बिघडत नाही. जुन्या >>> वर पेस्ट केलं तर त्या रिकाम्या ओळीला फंक्शन संपलं असं धरलं जातं, आणि रिटर्नच्या ओळीवर अनएक्स्पेक्टेड इंडेंट. इथवर ठीक, एरर दिसला तरी. पण अर्धं फंक्शन तयार झालेलं असतं! आता हिशोब(४०, ३) चालवा, एरर नाही, उत्तरही नाही, काहीच छापलं जात नाही, कारण रिटर्न त्याच्यात पोचलंच नाही आणि फंक्शन नन (म्हणजे काहीच नाही) देतंय. म्हणून पेस्ट केल्यावर एक जरी एरर दिसला तर ते फंक्शन पुन्हा नीट टाका, खालचं तेवढं दुरुस्त करून पुढे जाऊ नका.

३.१३ मध्ये एफ३ दाबलं की पेस्ट मोड सुरू होतो, त्यात रिकाम्या ओळींनी ब्लॉक तुटत नाही, पेस्ट झालं की परत एफ३. जुनं व्हर्जन असेल तर मधल्या रिकाम्या ओळी काढून टाका, किंवा कोड सरळ फाईलमध्ये ठेवा आणि पायथन नंतर वजा-आय आणि मग फाईलचं नाव असं देऊन चालवा, फाईल चालून झाल्यावर >>> उघडं राहतं आणि त्यातली सगळी फंक्शन तुमच्या हाताशी असतात. माझ्या मते चार-पाच ओळींच्या वरचं काहीही असेल तर हाच रस्ता बरा.

आयडल (पायथनसोबत मिळणारा एडिटर) वापरत असाल तर तिथे अनेक स्टेटमेंट एकदम पेस्ट केल्यावर एकच स्टेटमेंट हवं होतं, अनेक सापडली अशा अर्थाचा लांबलचक एरर येतो. कारण तेच, एका वेळी एक.

आणि लेखांतून कोड कॉपी करताना >>> आणि ... सुद्धा सोबत येतात, ते तसेच पेस्ट केले तर सिंटॅक्स एरर ठरलेला. पायथनच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनमध्ये कोडच्या चौकटीच्या कोपऱ्यात त्यासाठी बटण असतं, ते वापरा. आयपायथनवर (पायथन चालवायचं आणखी एक साधन) मात्र प्रॉम्प्टसकट पेस्ट केलेलंही चालतं.

न सांगता उत्तर का छापलं जातं

>>> वर ४० * ३ लिहून एंटर मारलं की १२० दिसतं, प्रिंट लिहायची गरज नाही. दर = ४० लिहिलं तर काहीच दिसत नाही, कारण ते असाइनमेंट (नावात काहीतरी साठवणं) आहे, त्याला किंमत नाही. उत्तर नन असेल तरी काही छापत नाही. ही सोय फक्त इथे आहे, फाईलमध्ये नुसतं ४० * ३ लिहिलं तर पायथन हिशोब करतो आणि सोडून देतो, म्हणून >>> वर चाललेला कोड फाईलमध्ये नेताना प्रिंट घालायला विसरू नका.

स्ट्रिंग असेल तर नुसतं नाव लिहिल्यावर ती अवतरण चिन्हांसकट दिसते आणि नवीन ओळीच्या जागी तिरकी रेघ आणि एन दिसतं, प्रिंट केली की चिन्हं जातात आणि ओळ खरोखर तुटते. दोन्हीत डेटा तोच, पहिलं रूप प्रोग्रामरसाठी आणि दुसरं वाचणाऱ्यासाठी. स्ट्रिंगच्या शेवटी चुकून एखादी स्पेस राहिली असेल तर ती पहिल्या रूपातच पकडता येते.

फाईलमध्ये "नमस्कार" लिहिण्यासाठी राइट वापरलं तर खाली अचानक ७ छापून येतं आणि लोक गोंधळतात. राइट हे किती अक्षरं लिहिली ते परत देतं आणि >>> ते दाखवतो, एवढंच. सातच का? न, म, स, हलंत, क, काना, र असे सात तुकडे पायथन मोजतो, लेन("नमस्कार") पण सातच सांगेल.

शेवटचं उत्तर _ या चिन्हात साठवलेलं असतं, म्हणजे १२० आल्यावर _ + १० लिहा, १३० मिळतील. कॅल्क्युलेटर म्हणून वापरताना फार उपयोगी. फक्त _ ला स्वतः काही असाइन करू नका, मग ते शेवटचं उत्तर दाखवणं बंद करतं.

मराठी कीबोर्ड आणि आपल्या सवयी

याबद्दल इंग्रजी ट्युटोरियलमध्ये काही सापडत नाही आणि आपल्याकडे मात्र हे रोज होतं.

लाखाचा स्वल्पविराम. पगार दीड लाख लिहायचा म्हणून

>>> पगार = १,५०,०००
>>> पगार
(१, ५०, ०)

एरर नाही! पायथनने स्वल्पविरामाने वेगळ्या केलेल्या तीन संख्या समजून टपल (एकामागोमाग ठेवलेल्या गोष्टींचा गट) बनवला. पुढे याला १२ ने गुणलंत तर तोच टपल बारा वेळा जोडून ३६ आकड्यांची माळ मिळेल, वार्षिक पगार नाही. आणि दोन लाख पाच हजार म्हणून २,०५,००० लिहिलं तर एरर येतो, कारण ०५ असा पुढे शून्य असलेला आकडा चालत नाही, निव्वळ शून्यं चालतात. स्वल्पविराम लिहूच नका, किंवा त्याच्या जागी अंडरस्कोर द्या, १_५०_००० हे ३.६ पासून चालतं आणि लाखाची विभागणीही आपल्या पद्धतीने दिसते.

मराठी आकडे. कीबोर्ड मराठीवर राहिला आणि खरोखर मराठी चाळीस टाइप झालं तर इनव्हॅलिड कॅरेक्टर असा एरर. पण तेच अवतरण चिन्हांत घालून इंट("४०") केलं तर पायथन व्यवस्थित ४० ही संख्या देतो. म्हणजे कोडमध्ये इंग्रजी आकडेच हवेत, पण तुमच्या प्रोग्राममध्ये कोणी मराठी आकडा भरला तर तो वाचता येतो, मराठी लोकांसाठी काही बनवताना हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

कोलनच्या जागी विसर्ग. फॉर भाजी इन भाज्याः असं लिहिलं गेलं, डोळ्यांना दोन टिंबं दिसतायत आणि पायथन म्हणतोय कोलन अपेक्षित होता. तो विसर्ग नावाचाच भाग झाला, भाज्याः हे वेगळंच नाव, आणि कोलन आलाच नाही. ओळीच्या शेवटी कीबोर्ड इंग्रजीवर आणून कोलन पुन्हा टाइप करा.

आणि सगळ्यात फसवं म्हणजे वऱ्हाड, दऱ्या, सुऱ्या या शब्दांतला अर्धा र. हा दोन पद्धतींनी टाइप होतो. एका पद्धतीत नुक्त्याचा ऱ आणि हलंत असतो. दुसरीत साधा र, हलंत आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह असतं. दिसायला दोन्ही सारखे, पण व्हेरिएबलचं नाव म्हणून पहिला चालतो आणि दुसऱ्याला पायथन नॉन-प्रिंटेबल कॅरेक्टर म्हणून नाकारतो. स्ट्रिंगमध्ये दोन्ही चालतात, मात्र == लावून तुलना केली तर फॉल्स (सारखे नाहीत) येतं. गावांच्या किंवा माणसांच्या नावांची यादी शोधताना एखादं नाव डोळ्यांसमोर असूनही सापडत नसेल तर ती स्ट्रिंग प्रिंट न करता नुसती >>> वर लिहून बघा, न दिसणारं चिन्ह तिथे तिरकी रेघ, यू आणि २००डी असं उघडं पडतं.

मराठी नावं चालतात म्हणजे सगळीकडे वापरावीत असं मी म्हणणार नाही, टर्मिनलवर जोडाक्षरं तुटलेली दिसू शकतात आणि सारखं कीबोर्ड बदलताना वरच्यासारख्या चुका वाढतात. शिकताना समजायला छान आहेत, मोठ्या कामात नावं इंग्रजीत आणि मजकूर मराठीत हे सोयीचं पडतं.

व्हॉट्सॲप किंवा वर्डमधून आलेल्या कोडमध्ये अवतरण चिन्हं बऱ्याचदा वळणदार होऊन येतात, “ ” अशी, त्यालाही इनव्हॅलिड कॅरेक्टर. मोबाईलच्या कीबोर्डवर पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल होतं आणि प्रिंटचा नेम एरर (हे नाव माहीत नाही असा) येतो, ३.१० पासून पायथन स्वतःच खाली सुचवतो की तुम्हाला स्मॉलमधलं म्हणायचं होतं का, ती शेवटची ओळ वाचत चला.

उरलेलं, पटापट

प्रिंट कंसाशिवाय लिहिलेली पुस्तकं पायथन २ ची आहेत, ते १ जानेवारी २०२० ला बंद झालं, कंस द्या. सॉर्टसारखं मेथड (यादीसारख्या गोष्टीला जोडलेलं फंक्शन) कंसाशिवाय लिहिलं तर एरर न येता बिल्ट-इन मेथड वगैरे असं काहीतरी छापलं जातं, त्याचा अर्थ तुम्ही मेथड दाखवायला सांगितलं, चालवायला नाही. पिप इन्स्टॉल (जास्तीची पॅकेजेस आणणारी कमांड) किंवा फाईल चालवायची कमांड >>> वर देऊ नका, ती टर्मिनलची कमांड आहे, आधी एक्झिट() करून बाहेर या. ३.१३ पासून एक्झिटला कंस नसले तरी चालतं.

आधी टाइप केलेली ओळ परत हवी असेल तर वरचा बाण, आयडलमध्ये विंडोजवर ऑल्ट+पी.

आणि एक, फाईलमधलं फंक्शन इम्पोर्ट करून >>> वर वापरताय, फाईलमध्ये दुरुस्ती केली, सेव्ह केली, परत इम्पोर्ट केलं तरी जुनंच उत्तर येतंय, तर दुरुस्ती चुकली असं समजू नका. पायथन एकदा आणलेलं मॉड्यूल (म्हणजे अशी कोडची फाईल) लक्षात ठेवतो आणि दुसऱ्यांदा फाईल उघडतच नाही. इम्पोर्टलिबमधलं रीलोड वापरा आणि कंसात मॉड्यूलचं नाव द्या. फ्रॉम लिहून फंक्शन सुटं आणलं असेल तर रीलोडनंतर ती फ्रॉमची ओळही पुन्हा चालवावी लागते, नाहीतर सरळ बाहेर पडून पायथन नव्याने सुरू करा.